कुलूप हसले

नवी कवळी बसवून स्टोअरकीपर घरी आला तेव्हा त्याची बायको दारात पायपुसणे झटकत होती. तिने मान वर केली आणि पायपुसणे तसेच हातात राहिले.

"काय झालं एवढं हसायला?"

"हसत नाहीये."

"मग हे काय आहे?"

"दात."

ती जवळ आली. आधी डावीकडून पाहिले, मग उजवीकडून. शेवटी दोन पावले मागे सरून लांबून पाहिले.

"मिटा बरं तोंड."

"मिटलंय."

"हे मिटलंय?"

स्टोअरकीपरने ओठ ओढून पाहिले. खालचा वर येईना, वरचा खाली येईना. मधल्या जागेत दातांची पांढरीशुभ्र रांग, निवडणुकीला उभी असल्यासारखी. नाकापेक्षा मोती जड म्हणतात, इथे तोंडापेक्षा दात मोठे झाले होते.

"मोठे वाटतात असं मी म्हणालो डॉक्टरला," तो म्हणाला. "तो म्हणाला, सुरुवातीला सगळ्यांनाच वाटतात. सवय होईल."

"कुणाला? तुम्हाला का मला?" बायकोने पायपुसणे टाकले. "बत्तीस वर्षं झाली आपल्या लग्नाला. हसताना बघितलं ते आज. आणि तेही विकतचं!"

तिचेही चूक नव्हते. स्टोअरकीपर मनाने वाईट नव्हता, चेहऱ्याने वाईट होता. ओठ पातळ, आणि ओठांचे दोन्ही कोपरे जन्मापासून खाली ओढलेले. लहानपणी याला पाळण्यात पाहायला आलेली माणसेसुद्धा 'आमचं काही चुकलं का' अशा तोंडाने परत गेली म्हणतात. आनंदात असला तरी तो नुकताच कुणाला तरी पोचवून आल्यासारखा दिसे. पंपाच्या कारखान्यात तो सामानाच्या खोलीत बसायचा. हातमोजे, वायसर, दिवे, पाने, सगळे जाळीच्या खिडकीतून द्यायचे आणि जुने परत घ्यायचे. कपाटाला कुलूप, खोलीला कुलूप आणि तोंडालाही. म्हणून सगळा कारखाना पाठीमागे त्याला 'कुलूप' म्हणे. समोर 'स्टोअरकाका'.

कुलपाला आयुष्यात फार काही नको होते. जेवणाच्या खोलीत खिडकीपाशी एक लांब टेबल होते. चौदा माणसे त्याच्याभोवती बसत आणि अर्धा तास नुसता हशा चाले. त्या टेबलाचा राजा म्हणजे माल रवाना करणारा कारकून. त्याला 'भोंगा' म्हणत. तो हसला की फाटकावरचा कुत्रा भुंकायचा. त्या टेबलावरून कुणीतरी एकदा "काका, या की इकडे" म्हणावे, एवढीच कुलपाची इच्छा. नोकरीच्या तिसऱ्या वर्षी तो आपण होऊन डबा घेऊन गेला होता. तो येताच टेबल गप्प झाले. कुणीतरी विचारले, "काका, कुणाचं काही परत द्यायचं राहिलंय का?" कुलपाला दुसरे काही सुचेना. तो म्हणाला, "पाना." एकाने मुकाट्याने खिशातून पाना काढून दिला. तो घेऊन कुलूप परत आला आणि खोक्यावर बसून एकटाच जेवला. त्यानंतर एकोणीस वर्षे तो तिथेच जेवत होता. निवृत्तीला आता दहा महिने राहिले होते.

दात पडले तेव्हाही कुणाला कळले नाही. 'धूळ सोसत नाही' म्हणून दोन महिने तो तोंडाला रुमाल बांधून बसला. त्या दोन महिन्यांत माणसांनी त्याला पुष्कळ छळले. पण दातओठ खायचे म्हटले तरी दात लागतात.

सोमवारी तो रुमाल सोडून कामावर गेला. पहिला आला तो लेथवरचा टर्नर. हा टर्नर म्हणजे जाळीतून भांडायला रोज हजर.

"हातमोजे द्या. आणि जुने दाखवा म्हणू नका, सांगून ठेवतो!"

"जुने दाखवा," कुलूप म्हणाला.

टर्नरने भांडायला तोंड उघडले आणि तो थबकला. समोर बत्तीस दात झळकत होते.

"च्यायला!" टर्नर म्हणाला. "काका, तुम्ही चेष्टा करताय!"

"चेष्टा नाही. जुने दाखवल्याशिवाय नवे नाहीत."

"अहो काय हे!" टर्नर जाळीला धरून हसायला लागला. "बावीस वर्षं तुम्ही चेष्टाच करत होता? आणि आम्ही आपले खरं समजून शिव्या देत होतो!"

तो हातमोजे न घेताच गेला आणि दुपारपर्यंत त्याने ही बातमी सगळ्या कारखान्यात पोचवली. मग माणसे येऊ लागली. पॅकिंगमधली बाई दिवा मागायला आली आणि सासूबद्दल पाऊण तास बोलून गेली. कुलपाला जड दातांमुळे बोलता येत नव्हते, म्हणून तो गप्प होता. बाई बाहेर जाऊन म्हणाली, "काय समजूतदार माणूस आहे हो! ऐकतो, आणि वर हसून धीर देतो." फोरमन ओरडायला आला होता, तो आवाज उतरवून आपला पोरगा नापास झाल्याची कथा सांगून गेला. पुढच्या आठवड्यात रंगाऱ्याची आई वारली. तिथे जाताना कुलपाने आधी रुमाल खिशात घातला. प्रेताशेजारी दात विचकून उभे कसे राहायचे? त्याने शेवटपर्यंत रुमाल तोंडावर दाबून धरला. परतताना चौघे एकमेकांना सांगत होते, "सख्ख्या लेकापेक्षा जास्त रडले स्टोअरकाका."

बुधवारी टर्नर जाळीपाशी आला आणि ज्यासाठी बावीस वर्षे गेली ते शब्द बोलला. "काका, इथं एकटे काय जेवता? चला टेबलाला."

कुलूप गेला. त्याला खिडकीशेजारची जागा मिळाली. त्याने पहिला घास घेतला, चावला, आणि वरची कवळी घासासकट डावीकडे निघाली. त्याने तो घास तसाच गालात धरून अर्धा तास काढला. समोर हशा चालला होता, मधोमध तो उपाशी हसत होता. "काका खातात कमी, ऐकतात जास्त," कुणीतरी कौतुकाने म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून त्याने तोड काढली. सव्वाबाराला खोलीला आतून कडी घालायची, दात पाण्याच्या मगात सोडायचे, मऊ भात हिरड्यांनी उरकायचा, आणि साडेबाराला दात घालून रिकामा डबा काखेत मारून टेबलाला जायचे. बायकोला हे कळले तेव्हा ती म्हणाली, "दाखवायचे दात वेगळे असतात हे हत्तीचं ऐकलं होतं. आता घरात आणलाय."

अशात भोंगा महिन्याभराच्या रजेवरून परत आला. लेकीकडे गेलो होतो म्हणाला. पण हा भोंगा तो भोंगा नव्हता. गाल आत, ओठ आत, ओठांचे कोपरे खाली. तोंडात लिंबाची फोड धरल्यासारखा दिसत होता. टर्नरने त्याच्या स्वागताला एक खास राखून ठेवलेला विनोद सांगितला. टेबल कोसळले. भोंगा ओठ दाबून म्हणाला, "हं."

टेबलावर भीतीच पसरली.

"याचं काय बिनसलं?"

"वरच्या जागेवर डोळा असेल. माणूस वर जायचा असला की आधी हसणं बंद करतो."

आणि झालेही तसेच. कारखान्याचे साहेब जेवणाच्या खोलीवरून चालले असताना त्यांनी भोंग्याला पाहिले. सगळे खिदळतायत आणि हा एकटा गंभीर! साहेबांनी त्याला आत बोलावले, चार प्रश्न विचारले. भोंगा तोंड उघडायला घाबरत होता, त्यामुळे प्रत्येक प्रश्नावर दहा सेकंद थांबून दोन शब्द बोलला. साहेब म्हणाले, "तुम्ही इतके विचारी असाल असं वाटलं नव्हतं." तीन वर्षे रिकामी पडलेली विभागप्रमुखाची खुर्ची भोंग्याला मिळाली.

कुलूप मात्र भोंग्याच्या तोंडाकडे टक लावून पाहायचा. हा चेहरा आपण कुठेतरी पाहिलाय. कुठे बरे? शुक्रवारी सकाळी दाढी करताना त्याला आठवले. याच आरशात, जवळजवळ चाळीस वर्षे, रोज सकाळी.

त्याच दुपारी दातांच्या दवाखान्यातून मदतनीस बाईचा फोन आला.

"काका, तुमच्या दातांची जरा गडबड झालीये. दोन डबे एकाच फळीवर होते, आणि…"

"म्हणजे माझ्या तोंडात कुणाचे आहेत?"

"ते सांगता येत नाही. आम्ही पेशंटचं नाव बाहेर सांगत नाही."

"अहो बाई, बाहेर कुठं? माझ्या तोंडात आहेत ते!"

"उद्या या ना. पाच मिनिटांचं काम आहे."

शनिवारी कुलूप गेला तेव्हा बाकावर भोंगा बसला होता. दोघांनी एकमेकांकडे पाहिले, मग एकमेकांच्या तोंडात पाहिले. दोघांनाही आपापले दात तिथे दिसले. डॉक्टर दोन वाट्या घेऊन बाहेर आला.

"हां, उघडा दोघंही."

कुणीच उघडेना.

"दातखीळ बसली का? अहो, चुकीच्या मापाचे आहेत ते. हिरड्या सोलून निघतील."

"सवय होईल असं तुम्हीच म्हणाला होता," कुलूप म्हणाला.

"मलाही," भोंगा म्हणाला.

डॉक्टरचा चेहरा पडला. आतल्या खुर्चीवर कुणीतरी कण्हत होते, तो "बघतो जरा" म्हणून सटकला. बाकावर दोघेच उरले. मग भोंगा खालच्या आवाजात म्हणाला,

"स्टोअरकाका, तुमच्या पाया पडतो, हे दात परत मागू नका."

"तुम्हाला ते रुततायत ना?"

"मरणाचे. पण सत्तावीस वर्षं मी हसलोय हो. कुणी मला कधी काही खरं विचारलं नाही. मागच्या साली आमच्या घराचं छप्पर पडलं. साहेबांना सांगायला गेलो, छप्पर पडलं, रजा द्या. साहेब टेबलावर हात आपटून हसले. म्हणाले, हा चांगला होता! आणि आता? मी 'पंखा बंद करा' म्हटलं तरी दोघं जण लिहून घेतात."

कुलपाने मान हलवली. "मलाही हेच हवेत."

"तुम्हाला कशाला?"

"जेवायला बोलावतात."

"त्या टेबलाला?" भोंग्याने डोळे मोठे केले. "अहो, तिथं आहे काय? तेच तेच विनोद! निम्मे माझेच आहेत."

"असू द्या. मला सगळे नवीन आहेत."

शेवटी डॉक्टरने दोघांकडून लिहून घेतले की आम्हाला आमच्या तोंडातले दात पसंत आहेत आणि पुढे काही झाले तर तक्रार नाही. दोघांनी झोकात सह्या केल्या. लग्नाच्या वेळीही कुणी एवढ्या खुशीने सही केली नसेल.

सोमवारी सव्वाबाराला कुलूप कडी घालून बसला होता तेव्हा दारावर हळूच टकटक झाली. दात मगात होते. कुलपाने तोंडावर हात धरून फट उघडली. बाहेर विभागप्रमुख डबा पोटाशी धरून उभा होता.

"इथं कुणी येत तर नाही ना?" भोंगा म्हणाला. "चार आठवडे झाले, धड घास गिळला नाही मी."

"बावीस वर्षांत जेवायला कुणी आलं नाही इथं," कुलूप म्हणाला आणि फळीवरून दुसरा मग काढला.

भोंग्याने दात काढले, मगात सोडले, आणि "हाऽऽ" करून असा श्वास सोडला की जाळी हलली. दोन खोकी समोरासमोर ओढून दोघे जेवायला बसले. गाल आत गेलेले, हनुवट्या नाकाला टेकायला आलेल्या. चष्मे वाफेने धूसर झाले म्हणून तेही काढून ठेवले. अर्धा डबा संपल्यावर भोंगा सवयीने म्हणाला, "आमचं छप्पर पडलं ना, तेव्हा गंमतच झाली…"

"कुठल्या बाजूचं पडलं?" कुलपाने विचारले.

भोंग्याचा हात थांबला. हे त्याला आजवर कुणी विचारले नव्हते.

"मागच्या. आई झोपते तिथलं."

"लागलं का त्यांना?"

"खांद्याला. अजून हात वर जात नाही तिचा." भोंग्याने आणखी एक घास उरकला. मग म्हणाला, "पण ती पडल्यापडल्या काय म्हणाली माहितीये? म्हणाली, बरं झालं, केर काढायचा राहिला होता."

कुलूप हसला. आधी खांदे हलले, मग पोट, मग बोळक्यातून 'हूहूहू' असा एक विचित्र आवाज बाहेर आला. त्या आवाजाला भोंगाही आपल्या बोळक्याने सामील झाला. दोघांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

एवढ्यात जाळीवर कुणीतरी बोटे वाजवली. टर्नर होता. जाळीला डोळा लावून तो आतल्या अंधूक उजेडात पाहत होता.

"ओ आजोबा! आमचे स्टोअरकाका कुठे गेले?"

दोघे एकमेकांकडे बघू लागले. कुलपाने बोळक्यातून बोबड्या आवाजात विचारले, "काय काम होतं?"

"काम कसलं? टेबलाला बोलवायला आलो. ते नसले की मजा नाही राव. असला हसतमुख माणूस लाखात एक." टर्नरने दोघांना वरपासून खालपर्यंत न्याहाळले. "तुम्ही कोण, पाहुणे का त्यांचे?"

"हो," कुलूप म्हणाला. "काका तोंड धुतायत."

"बरं, आवरलं की लगेच पाठवा त्यांना." टर्नर गेला.

भोंग्याने कुलपाच्या मगातल्या दातांकडे पाहिले. ते पाण्याच्या तळाशी एकटेच हसत पडले होते.

"काय रे, पाठवतोस का त्याला?"

"तू भात घे अजून," कुलूप म्हणाला. "तो थांबेल."