घंटी थांबली की मुख्य गेला

"आपली तिकिटांची यंत्रणा कोसळूच शकत नाही," ग्रेमने छाती फुगवून बेस्विकबाईंना सांगितलं. ऑस्ट्रेलियातल्या होबार्टच्या आसपास बाईंच्या प्रवासी बोटी चालत. त्यांच्या तिकिटविक्रीचं काम मिळालं, की मुख्य अभियंत्याची खुर्ची ग्रेमला द्यायचं त्याच्या कंपनीच्या मालकाने कबूल केलं होतं. ग्रेमने खुर्चीसाठी गादीसुद्धा बघून ठेवली होती.

बाईंना कॉम्प्युटरचं वावडं. "चित्रंबित्रं नकोत. माणसं बसवून दाखव," त्या म्हणाल्या.

मग तीन बंदरांवरचे तीन कॉम्प्युटर म्हणून कचेरीतली तीन माणसं तीन खोल्यांत बसली. बैठकीच्या खोलीत ग्रेम, म्हणजे मुख्य. स्वयंपाकघरात टोंगा बेटांवरचा धिप्पाड सिओसाया आणि अडगळीच्या खोलीत मॉरीन. बोलायचं फक्त फोनवर. मुख्याने अधूनमधून टेबलावरची घंटी सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाजवायची, म्हणजे तो जिवंत. घंटी थांबली की तो मेला. उरलेल्या दोघांनी मतं देऊन नवा मुख्य नेमायचा. जुना परत आलाच, तर त्याने मुकाट्याने नव्याचं ऐकायचं. नाहीतर दोन मुख्य एकच जागा दोघांना विकतील! नियम सगळे ग्रेमचेच.

खेळातली तिकिटविक्री झकास चालली होती. पण फुशारकीच्या भरात ग्रेमने सकाळी खिमा भरलेले तीन पॅटिस हाणले होते, आणि आता पोटात कळ आली. दोन घंट्यांच्या मधे उरकून येऊ, असा बेत करून तो संडासात पळाला. बाहेर पडताना दाराची मूठ निघून हातात आली. दार होतं तिथेच राहिलं.

"सिओसाया, दार उघड रे!"

स्वयंपाकघर भिंतीपलीकडेच होतं. "कोण ते?"

"मी, ग्रेम. जिवंत आहे मी."

"घंटी नाही वाजली."

"घंटी तिकडे आहे, मी इकडे आहे!"

"मग तू मेलास. नुसत्या ओरडण्यावर विश्वास ठेवायचा नाही, तूच बजावलंस. मी मॉरीनला मत दिलं, तिनेही स्वतःलाच दिलं. आता दार उघडायला तिचा हुकूम लागेल."

"मग विचार ना बाबा तिला."

"विचारलं. ती म्हणते, आधी तिकिटं."

बेस्विकबाई चहाचा कप घेऊन खोल्याखोल्यांतून हिंडत होत्या. त्यांना हा सगळा खेळाचाच भाग वाटला. "मुख्य गेला आणि एकही तिकीट चुकलं नाही," त्या खुशीत मालकाला म्हणाल्या. "मेलेला मात्र फारच आदळआपट करतोय."

सुताराने दार उघडलं तोवर करारावर बाईंची सही झाली होती. अट एकच: मुख्य म्हणून मॉरीनच हवी. मालकाने खुर्ची तिथल्या तिथे मॉरीनला देऊन टाकली.

ग्रेमने तोंड उघडलं. सिओसायाने शांतपणे विचारलं, "जुना परत आला तर काय करायचं, म्हणाला होतास?"

तेवढ्यात घंटी वाजली.

"ऐकतोय, मॉरीन," हातातली मूठ कुरवाळत ग्रेम म्हणाला.

"ती गादी तू बघून ठेवली आहेस ना," मॉरीन म्हणाली, "निळ्या रंगात मिळते का, जरा विचारून ये."