खतातल्या अळ्या, मक्याच्या मुळाशी

गुरुवारी लेक घरी येणार, असं बाबांनी सोमवारीच आईला ठणकावून सांगितलं. लेकीला मात्र त्याचा पत्ताच नव्हता.

लेक कीडतज्ज्ञ. पिकाची मुळं कुरतडणारी हुमणी, मातीतली ती पांढरी वाकडी अळी, हा तिचा विषय. जिथे हुमणी तिथे ती. घरी फिरकून मात्र तिला दीड वर्ष झालं होतं. जेवताना बाबांची नजर तिच्या रिकाम्या खुर्चीकडे जायची. त्यांना त्या अळ्यांचा चक्क हेवा वाटायचा.

म्हणून त्यांनी आपल्या मक्यात फूटभर खोल नऊ खड्डे खणले. औषधालाही अळी सापडली नाही. लेकीच्याच सांगण्यावरून त्यांनी खोल नांगरट केली होती, हुमणीची अंडी घालणारे भुंगेरे वेचून मारले होते. लेकीचं इतकं ऐकायला नको होतं, असं त्यांना आयुष्यात पहिल्यांदाच वाटलं.

शेवटी त्यांनी खताच्या खड्ड्यातल्या सात गलेलठ्ठ अळ्या डब्यात भरल्या, मक्याच्या मुळाशी पुरल्या आणि मंगळवारी सकाळी लेकीला व्हिडिओ कॉल लावून तिच्यादेखत उकरून काढल्या. चेहरा असा, की जणू घरावर दरोडा पडलाय.

लेकीने एक अळी फळीवर ठेवायला लावली. अळी उलटी झाली आणि पाय वर करून, पाठीवर सरपटत, ऐटीत दुसऱ्या टोकाला गेली.

"बाबा, पाठीवर चालते ती खतातली. कुजलेलं खाते, मुळांना हात लावत नाही. मी यायची गरजच नाही."

"बरं झालं," बाबा म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

पण हा तमाशा बांधापलीकडून शेजाऱ्याने पाहिला होता. त्याने घाबरून आपला मका उकरला, तर खड्ड्याखड्ड्यात पाच-सहा अळ्या, अस्सल हुमणी! त्याने लेकीच्या ऑफिसला फोन लावला. गुरुवारी जीप आली आणि शेजाऱ्याच्या फाटकाशी थांबली.

बाबा दाढी करून दिवसभर बांधावर उभे. पलीकडे लेक गुडघे टेकून अळ्या मोजत होती, त्या वेचून मारायला आणि मुळांशी त्यांना मारणारी बुरशी घालायला सांगत होती. जेवलीसुद्धा तिकडेच. आईने विचारलं, इथे काय करताय? मका बघतोय, बाबा म्हणाले. मका तुमच्या पाठीमागे आहे, आई म्हणाली.

निघायच्या अर्धा तास आधी लेक बांध ओलांडून चहाला आली. नऊ खड्ड्यांकडे तिने नीट पाहिलं.

"खतातल्या अळ्या आपणहून मक्यात येत नाहीत, बाबा."

"तुझ्याशिवाय करमत नाही गं," बाबा खाली बघत म्हणाले.

तिने नाक पुसलं, अहवालाचा कागद काढला आणि लिहिलं: 'शेजारील शेत. खतातल्या सात अळ्या मक्याच्या मुळाशी आढळल्या. कारण अज्ञात. दरमहा प्रत्यक्ष पाहणी आवश्यक.' एक प्रत बाबांच्या हातात दिली.

जीप गेल्यावर बाबांनी तो कागद आईला तीनदा वाचून दाखवला.

"सगळं खरं," आई म्हणाली, "पण पुढच्या महिन्यात दाखवायला त्या अळ्या आहेत कुठे?"

मंगळवारी फोन ठेवल्यावर बाबांनी त्या रागारागाने कोंबड्यांना घातल्या होत्या. त्यांनी मुकाट्याने डबा उचलला आणि खताच्या खड्ड्याकडे निघाले.