लॅपटॉपच्या कपाळाला कुंकू

अंगद आंघोळ करून बाहेर आला तेव्हा टेबलावर लॅपटॉप नव्हता. आंघोळीला जाण्याआधी त्याने अकराची मीटिंग मुद्दाम उघडून ठेवली होती. पुण्यात बसलेल्या साधना मॅडमना त्याच्या नावापुढचा ठिपका हिरवा दिसला पाहिजे, एवढंच त्याला हवं होतं.

साधना मॅडमना तो वाघाला भ्यावं तसा भ्यायचा. मागच्याच आठवड्यात त्यांनी सगळ्यांदेखत बजावलं होतं, "अंगद, 'नेटवर्कचा प्रॉब्लेम' हे शब्द पुन्हा कानावर आले, तर टेंभुर्णीच्या घरून काम बंद. बॅग भरायची आणि पुण्याला यायचं." अंगदची बायको आकांक्षा जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका. कितीतरी वर्षं परजिल्ह्यात काढून आत्ता कुठे तिची बदली गावाजवळ झाली होती. एका छपराखाली संसार नुकताच लागला होता, आणि तो आता त्या एका वाक्यावर टांगलेला होता.

"माय, लॅपटॉप कुठंय?"

"तुह्या आबानं नेला ओसरीत," उषाबाई म्हणाल्या. "आज खंडेनवमी हाय न्हाई का?"

अंगद ओल्या केसांनी ओसरीत धावला. भिंतीशी विळा, खुरपी, कुऱ्हाड, फवारणीचा पंप आणि उषाबाईंची शिलाई मशीन रांगेने मांडली होती. शेवटी, वायरीसकट, झेंडूचा हार घातलेला लॅपटॉप. बटणांवर अक्षता. शेजारी त्याचा मोबाइल, त्यालाही हळद-कुंकू. समोर आबा, म्हणजे त्याचे वडील कचरू, ओल्या कुंकवाचा अंगठा धरून समाधानाने बसले होते.

"आबा, हे काय केलं!"

"औजार पुजलं. ज्याच्यावर पोट चालतं ते औजार. आता उद्यापोत्तर कोनी हात लावायचा न्हाई."

"पण कॅमेऱ्यावर कामून कुंकू लावलं?"

"तूच म्हनला व्हता, त्याला डोळा हाय. डोळा हाय म्हंजे वर कपाळ असंलच की. लई शोधलं, सापडंना. मंग लावलं अंदाजानं."

एवढ्यात झेंडूच्या आडून खणखणीत आवाज आला, "अंगद, तुमच्या चौकोनात नुसतं लाल दिसतंय. घराला आग लागलीय का?"

पूजेतून आवाज आलेला पाहून उषाबाईंनी डोक्यावर पदर घेतला आणि हात जोडले. अंगद लॅपटॉपसमोर गुडघ्यांवर बसला.

"नाही मॅडम, ते जरा..." 'नेटवर्क' जिभेच्या टोकावर आलं होतं, ते त्याने कसंबसं गिळलं.

"कॅमेरा पुसा ताबडतोब. क्लायंटचे मोठे साहेब येतायत. त्यांच्यासमोर काही गडबड झाली तर मला विचारू नका."

अंगदने खांद्यावरचा टॉवेल पुढे केला. आबांनी त्याचं मनगट धरलं. "पुजलेलं पुसायचं न्हाई."

"आबा, नोकरी जाईल!"

"अन् पुसलं तर बरकत जाईल."

आतल्या खोलीत आकांक्षाने माळ्यावरची बॅग खाली काढल्याचा आवाज आला.

"कोण बोलतंय तिकडे?" मॅडमनी विचारलं.

आबा लॅपटॉपकडे झुकले आणि पलीकडच्या वावरातल्या माणसाला हाक मारावी तसे ओरडले, "मी कचरू, अंगदचा बाप! बाई, आज खंडेनवमी. तुमच्या औजाराची पूजा झाली का न्हाई?"

अंगदने डोळे गच्च मिटले. मॅडमना असा सवाल कंपनीत कुणी केला नव्हता.

"नाही झाली," उत्तर आलं.

"गाव कोन्तं तुमचं?"

"परतूर. तुमच्याच भागातलं."

"परतूरची लेक अन् औजार पुजलं न्हाई?"

मग जो आवाज आला तो ऑफिसातला नव्हता. "आमचे अण्णा मोंढ्यातल्या दुकानात वजनकाटा पुजायचे ओ काका. दिवसभर कुनाला हात लावू देत नव्हते. मी पुण्याला आले अन् राहूनच गेलं."

"मंग आता लावा. कुंकू तं असंल घरात?"

खुर्ची सरकल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने मॅडमचा चौकोन लालभडक झाला.

मॅडमनीच लावलं म्हटल्यावर बाकीच्यांची काय बिशाद! सगळी टीम घरूनच काम करत होती. एकेक चौकोन लाल होत गेला. एकटा राहणारा सोमेश्वर चाचरत म्हणाला, "मॅडम, माझ्याकडे कुंकू नाही. टोमॅटो सॉस लावलाय."

आणि नेमके त्याच वेळी मोठे साहेब मीटिंगमध्ये आले.

"साधना, हे काय? सगळे चौकोन लाल? आपली सिस्टिम बंद पडली की काय?"

कुणीच बोलेना. त्या शांततेतली भीती अंगदला चांगलीच ओळखीची होती. ती रोज अकरा वाजता त्याच्याच छातीत बसायला यायची. मॅडमनाही ती असते, हे त्याच्या कधी ध्यानातच आलं नव्हतं.

"सर," मॅडमचा आवाज कापत होता, "जरा... नेटवर्कचा प्रॉब्लेम आहे."

"सगळ्यांच्याच घरी?"

"हो सर. आज सगळीकडेच आहे."

"बरं, मग दसरा झाल्यावर बघू," म्हणत साहेब निघून गेले.

"अंगद," मॅडम हळूच म्हणाल्या.

"हो मॅडम?"

"तुम्ही टेंभुर्णीलाच राहा. आणि आत्ता मी जे बोलले ते..."

"मी काहीच ऐकलं नाही मॅडम. आवाज तुटत होता."

मीटिंग संपली. आकांक्षाने रिकामी बॅग पुन्हा माळ्यावर ठेवली. आबा मात्र काळजीत पडले होते.

"कामून रे, नेटवर्क गेलं म्हनत व्हत्या बाई?"

"गेलं आबा," अंगद केस पुसत म्हणाला. "पण या टायमाला पुण्याचं गेलं."