तांबडा ठिपका, दाते बावन्न

सायकलीतलं मला सगळं कळतं, असं माझं ठाम मत त्या गुरुवारी दुपारी साडेतीनपर्यंत होतं.

मी ट्रायथलॉनची तयारी करत होते. म्हणजे आधी पोहायचं, मग सायकल, मग धावायचं. तेही एकाच दिवशी, मागे कुणी लागलेलं नसताना! त्यासाठी सायकलीला पुढे लंबगोल चेनरिंग, म्हणजे पायडलपाशी साखळी फिरवणारं दातेरी चक्र, बसवायचं ठरवलं होतं. चोपन्न दात्यांचं! दुकानदार बावन्न सुचवत होता. बावन्न काय, कुणीही चालवतं.

दुकानातून पार्सल घरी आलं तेव्हा मी ऑफिसात होते. ते उघडलं बाबांनी. अडतीस वर्षं त्यांनी लेथवर गोल वस्तू गोल केल्या होत्या. केसभर फरकही त्यांना डोळ्यात कुसळ गेल्यासारखा खुपायचा. त्यांनी व्हर्निअर लावून चक्र मोजलं आणि तडक दुकान गाठलं.

साडेतीनला दुकानदाराचा फोन आला. "ताई, तुमचे वडील आलेत."

"काय झालं त्यांना?"

"त्यांना काही नाही हो! माझ्या दुकानाची तपासणी चाललीय!"

मी पोचले तर बाबा काउंटरच्या आत आणि दुकानदार बाहेर. कारखान्यात बाद मालाला तांबडा ठिपका देत. त्या रंगाची डबी बाबांनी निवृत्त होताना घरी आणली होती. माझं चोपन्न, दुकानातलं पन्नास आणि बावन्न, तिन्हींनाही ठिपके लागले होते. आणि एक गिऱ्हाईक स्वतःचं चाक काढून रांगेत उभं!

"सगळा लॉट वाकडा आहे. फसवलं तुला यांनी," बाबा म्हणाले.

"बाबा, ती लंबगोलच असतात! पाय अगदी वर किंवा खाली असला की जोर कमी पडतो. तिथे चक्र लहान. मधे जोर असतो, तिथे मोठं."

बाबा विचारात पडले. स्टँडवरच्या सायकलीवर चपलांसकट बसून त्यांनी पायडल मारून पाहिलं.

"म्हणजे पायाची चूक चाकानं पोटात घालायची. डोकं आहे हो!" मग त्यांनी बावन्न उचललं. "पण मग हे घे. चोपन्न तुला चढावर झेपायचं नाही."

दुकानदाराने लगेच मान डोलावली. मघाशी भांडत होते, आता एक झाले!

"बाबा, तुम्हाला यातलं काही कळत नाही."

गिऱ्हाईक आपलं चाक घेऊन दोन पावलं मागे सरकलं. बाबा मात्र हसले. "चढाच्या वळणावर तू दमतेस, उजवा खांदा हलायला लागतो. गच्चीवरून रोज दिसतं मला."

रंग लागलेली दुकानातली दोन्ही चक्रंही आम्हालाच घ्यावी लागली. संध्याकाळी बाबांनी चोपन्नच बसवून दिलं. साखळी तेवढी दोनदा पुसली.

शुक्रवारी सकाळी ते उठले नाहीत.

तीन महिन्यांनी मी सायकल काढली. चढावर फिरायला निघालेल्या एका आजोबांनी मला मागे टाकलं. काठी टेकत! वर थांबून त्यांनी माझी वाटही पाहिली. असे पाच दिवस गेले. सहाव्या दिवशी मी बावन्न बसवलं. ठिपका पुसला नाही.

त्या दिवशी वळणावर मीच थांबून आजोबांची वाट पाहिली.

"अरे वा! आज काय जादू केलीत?"

"चक्र बदललं. वडिलांनी सांगितलं होतं, मी ऐकलं नव्हतं."

"मग सांगा की त्यांना! बापाला बरं वाटतं."

वळणावरून आमची गच्ची दिसते. तारेवर एक चादर वाळत होती.

"बाबा!" मी एवढ्या मोठ्याने म्हणाले की आजोबा दचकून बाजूला झाले. "तुम्हाला कळत होतं. मलाच नव्हतं."