बिनसणाचा घोडा

चांद्याच्या बाजारातल्या खेळणीवाल्याने लटारू नाकेदाराला पहिलाच प्रश्न विचारला, "सन कोनता हाय?"

"सन काहीच नाई," लटारू म्हणाला.

"मंग पोराचं बारसं?"

"बारसं होऊन पाच सालं झाले. पोरगी हाय."

"मंग घोडा कायले पायजे?"

"खेळाले."

दुकानदाराने लटारूकडे नीट निरखून पाहिले. माणूस खाकी कोटातला, सरकारी, शुद्धीवरही दिसत होता. पोळा संपला की हा दुकानदार सगळी खेळणी पोत्यात कोंबून माळ्यावर टाकी आणि पुढच्या पोळ्यापर्यंत कंदिलाच्या काचा विकी. माघ महिन्यात घोडा मागणारे गिऱ्हाईक त्याच्या दुकानाच्या इतिहासात आले नव्हते. शेवटी तो कुरकुरत माळ्यावर चढला, धुळीने चार वेळा शिंकला आणि हातभर उंचीचा, तांबड्या रंगाचा, चार चाकांचा लाकडी घोडा घेऊन खाली उतरला. त्याबरोबर एक चित्रांचे पुस्तकही आले.

"हेबी न्या," तो म्हणाला. "तुमच्यासारखा मानूस पुन्हा कई येईन, कोनाले ठाऊक?"

लटारू आलापल्लीच्या पुढे दोन कोसांवर पिपरटोल्याचा राहणारा. जंगलखात्यात नाकेदार. सागाच्या चोरीच्या एका खटल्यात साक्ष द्यायला तो चांद्याला आला होता. साक्ष तर दहा मिनिटांत आटोपली, पण त्या दिवशी त्याच्या डोक्यात साग नव्हता, अन्नू होती. अन्नू म्हणजे त्याची पोरगी अन्नपूर्णा. खेळणी मिळायची ती पोळ्याला, आणि पोळ्याच्या दिवसांत लटारूची नेमणूक असायची नाल्यापलीकडच्या नाक्यावर. नाल्याला पूर आला की महिना महिना ना बातमी, ना माणूस. तीन पोळे असेच गेले. तान्ह्या पोळ्याला गावातली पोरं लाकडी बैल ओढत तेव्हा अन्नू सागवानाचा एक ढलपा दोरीला बांधून ओढत असे. कुणी हसलेच तर सांगे, "बैलच हाय. निजला हाय."

हे ऐकल्यापासून लटारूने ठरवले होते की सण बापाची वाट पाहत नसेल तर बापानेही सणाची वाट पाहू नये. ज्या दिवशी आपण घरी, तो पोळा.

चाकांसकट घोडा पिशवीत जाईना. दुकानदाराने खुंट्या उपटून चारही चाके काढून दिली, ती लटारूने खुंट्यांसकट कोटाच्या खिशात टाकली. घोड्याचा रंग खरचटू नये म्हणून बायकोसाठी, कमळासाठी, घेतलेले चोळीचे लाल कापड त्याने घोड्याला गुंडाळले आणि पुस्तक त्यातच खोचले. इथेच सगळा घोळ झाला.

त्या मुलखात बोललेला नवस फेडायचा तर देवाच्या थानावर घोडा वाहतात. घोडा लाल फडक्यात गुंडाळून न्यायचा, वाटेत भुईवर टेकवायचा नाही आणि थानावर पोचेपर्यंत नवस काय होता ते कुणाला सांगायचे नाही. लटारूला हे सगळे लहानपणापासून ठाऊक होते. पण त्या वेळी त्याला अन्नूचा चेहरा तेवढा दिसत होता, आणि लेकराचा चेहरा समोर असला की माणसाला बाकीचे जग दिसत नाही.

मोटरीत शेजारच्या बाकावर नेमकी पिपरटोल्याची सुगंधाबाई. ती लेकीकडून परतत होती. सुगंधाबाईंच्या नजरेतून गावातली कोंबडीची पिल्लेही सुटत नसत. मोटरीच्या तळाशी कुणाच्या तरी हंडीतले ताक सांडले होते, म्हणून लटारूने गाठोडे मांडीवर घेतले. फडक्यातून घोड्याचे तांबडे तोंड बाहेर आले. सुगंधाबाईंनी लाल फडके पाहिले, घोडा पाहिला, तो खाली ठेवत नाही हेही पाहिले आणि एकदम हात जोडले.

"लय उशीर केला, नाकेदारभाऊ," ती गहिवरून म्हणाली. "पन देव समजून घेते."

"कायचा उशीर? हा पोरीले खेळाले हाय, बाई."

"हो, हो. असंच सांगा लागते. सांगू नका. नवस सांगितला का फळ जाते."

"अवो नवस नाई! सच्ची बात सांगून राह्यलो. हे पाहा." लटारूने पुरावा म्हणून खिशातले चाक काढले.

सुगंधाबाईंचे डोळे विस्फारले. "अरे बाप्पा! रथबी वाहून राह्यले?"

यापुढे लटारूने तोंड उघडले नाही. उघडले असते तर हत्तीही निघाला असता. पण त्याच्या गप्प बसण्याने उरलेल्या चार प्रवाशांचीही खात्री पटली. कंडक्टरने घोडा टपावर टाकायला सांगितले होते, तो आता स्वतःच खिडकीजवळची जागा मोकळी करून म्हणाला, "देवाले इथी हवा लागन." सुगंधाबाईंनी कनवटीची कुंकवाची डबी काढून घोड्याच्या कपाळी टिळा लावला. मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्याने त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. ती त्याने कोणासाठी घेतली होती, देव जाणे.

मोटर नदीपर्यंतच जात असे. तिथे पलीकडे नेणारा झाडू नावाचा डोंगेवाला उभा होता. टिळा आणि माळ पाहून त्याने लटारूच्या हातून घोडा अलगद उचलला आणि सुगंधाबाईंना डोंग्यात बसवले.

"आणि मी?" लटारूने विचारले.

"दुसऱ्या खेपेले. देव पयले, नाकेदार मागून."

घोडा निघाला. वाळूत उभा राहून लटारू आपल्या पोरीचे खेळणे वैनगंगा ओलांडताना पाहत राहिला. अर्ध्या तासाने तो पलीकडे पोचला तेव्हा घोडा झाडूच्या भावाच्या डोक्यावर होता, कारण खाली ठेवणार कोण? बिचाऱ्याची मान अवघडली होती. आणि सुगंधाबाई? ती आलापल्लीची मोटर पकडून कधीच पुढे गेली होती. म्हणजे बातमीही पुढे गेली होती. लटारूला पुढची मोटर मिळाली, पण सुगंधाबाईंना कोणती मोटर गाठणार?

दिवस कलताना तो पिपरटोल्याच्या वेशीवर आला तर ढोल वाजत होता. आधी त्याला वाटले कुणाचे लग्न असेल. मग कळले, आपलेच काहीतरी आहे. बायकांनी त्याच्या पायावर पाणी घातले. इसरूने कोंबडा आणला होता, सोमारीने टोपलीभर तांदूळ. सगळ्यांच्या तोंडावर इतका आनंद होता की 'हे खेळणे आहे' हे सांगायचे सोडून लटारूने घोडा आणखी उंच धरला. सागाची चोरटी गाडी एकट्याने अडवणारा हा माणूस, पण आनंदाने समोर आलेला गाव अडवणे त्याला जमेना.

कमळा गर्दीतून पुढे आली. तिचा चेहरा उतरला होता.

"तुमाले कोनं सांगतलं?" तिने हळूच विचारले.

"काय सांगतलं?"

कमळा काही बोलणार, तोच अन्नू धावत आली. "बाबा! घोडा! माहा घोडा!" तिने दोन्ही हात वर केले.

"हात नको लावू, बाई!" दहा तोंडांतून एकदम निघाले. "देवाचा हाय!"

अन्नूचे हात तसेच वर राहिले. ती मोठ्याने रडली असती तर बरे झाले असते. ती रडली नाही. घराच्या कोपऱ्यातून आपला सागवानी ढलपा घेऊन आली आणि दोरी धरून मिरवणुकीच्या शेवटी चालू लागली. एकदा का थानावर घोडा ठेवला की तो तिथेच. पावसात भिजेल, उन्हात तडकेल, पण अन्नूच्या हाती लागणार नाही. आणि हे सगळे लटारूच्या स्वतःच्या हातून घडायचे होते.

गावाबाहेर मोहाच्या झाडाखाली देवाचे थान होते. तिथे मातीचे लहानमोठे घोडे रांगेने उभे होते, काहींचे पाय गेलेले, काहींच्या पाठीवर शेवाळ. गावाचा पुजारी म्हातारा जंगू भुमक वाट पाहत बसला होता. त्याने फडके सोडले, तर घोड्याबरोबर पुस्तक निघाले.

"पोथीबी हाय!" सुगंधाबाई म्हणाली. "मले मोटरीतच दिसली होती."

"मंग आधी पोथी होऊ दे," जंगू म्हणाला. "वाचा, नाकेदार. आमाले तं वाचता येत नाई."

सगळा गाव खाली बसला. हात जोडले गेले. ढोल थांबला. लटारूने घाम पुसला आणि पहिले पान उघडले.

"ही गाय आहे," त्याने वाचले. "गाय दूध देते."

"देते, देते," दोन-चार म्हाताऱ्यांनी भक्तिभावाने माना हलवल्या.

"हे मांजर आहे. मांजर दूध पिते."

"खरं हाय, बाप्पा," सुगंधाबाई डोळे मिटून म्हणाली. "कालच माहं सारं पेलं."

"हा... हा वाघ आहे. वाघ जंगलात राहतो."

आता माना हलायच्या थांबल्या. पिपरटोल्याला वाघाची ही माहिती नवी नव्हती. मागल्या महिन्यातच तो इसरूची कालवड घेऊन गेला होता.

"हे कोन्या देवानं लिवलं गा?" इसरूने विचारले. "त्याले म्हना, कुठी राह्यते ते ठाऊक हाय. बाहेर काऊन येते ते सांग."

मागून अन्नू खुदकन हसली. मग पोरं हसली. लटारूने पुस्तक मिटले आणि सगळ्यांना हात जोडले.

"जंगूबाबा, हे पोथी नाई. लेकराचं पुस्तक हाय. अन् घोडा खेळाचा हाय. मी कोनता नवस बोललो नाई. पोळ्याले मी घरी नसतो, म्हनून आनला. सगळ्याईले तकलीफ झाली. चुकलो."

गाव एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागला. कोंबड्याला बहुधा आशा वाटली, तो आरवला. तेवढ्यात कमळा पुढे झाली आणि तिने डोक्यावरचा पदर सावरला.

"नवस हाय," ती म्हणाली. "माहा हाय."

लटारू तिच्याकडे वळला.

"दोन सालं झाले. पोळ्याच्या वक्तालेच पोरीले ताप आला. सात रोज डोया उघडला नाई तिनं. नाल्याले पूर, तुमी पलीकडं. सांगावा धाडाचा तं कसा? या सुगंधाबाई सात रोज माह्याजवळ बसून होत्या. जंगूबाबांनी पान्या-पावसात जाऊन मुळ्या आनल्या. तई बोलली होती देवाले, पोरगी वाचली तं घोडा वाहीन. तुमी आल्यावर सांगन म्हटलं. पन तुमी येता एक रोज, त्यात पोरगी हासत असते अन् तुमी हासत असता. त्या घडीले कसं सांगू? अन् फेडाले तं मायबाप दोघंबी लागते."

लटारूला आता सुगंधाबाईंचा 'उशीर' कळला. सबंध वाटेने तो मनातल्या मनात गावाला खुळे ठरवत आला होता. पण गावाला सगळे ठाऊक होते, माहीत नव्हते ते एकट्या बापाला. आपण पुरापलीकडे नाक्यावर सागाच्या लाकडांची राखण करत होतो आणि आपल्या लेकराची राखण या माणसांनी केली. दोन वर्षांत कुणी एका शब्दाने उपकार बोलून दाखवला नव्हता. लटारूला भरून आले. तो खाली वाकला आणि सुगंधाबाईंच्या पाया पडला.

"उठा जी, कोट मळते," सुगंधाबाई डोळे पुसत म्हणाली.

पण प्रश्न होताच. नवस खरा, म्हणजे घोडा देवाचा. लटारूने मुकाट्याने घोडा उचलला. अन्नूने दोरी घट्ट धरली.

"थांबा," जंगू भुमक म्हणाला. "कमळाबाई, तू कोनता घोडा बोलली होती?"

"वीतभर. मातीचा."

"मंग हा हातभर लाकडाचा कायले? देवाले जे बोललं ते द्याचं. जास्त देल्लं तं तो म्हनन, मी मांगलं कई?" जंगूने घोड्याच्या पायांची भोके बोटाने चाचपली. "इथी काय होतं?"

लटारूने खिशातून चारही चाके काढून त्याच्यापुढे ठेवली.

"पाहा," जंगू सगळ्यांना म्हणाला. "देवाच्या घोड्याले चाकं लागत नाई. ज्याले चाकं, तो लेकराचा. मातीचा उद्या कुंभाराकडून आना. कोंबडा अन् तांदूळ आजच शिजू द्या, आनलेच हाय तं."

हा निकाल कोंबडा सोडून सगळ्यांना मान्य झाला. इसरूने दगडाने खुंट्या ठोकून चाके बसवली. अन्नूने ढलप्याची दोरी सोडून घोड्याला बांधली आणि मोहाखाली इतक्या फेऱ्या मारल्या की झेंडूची माळ तुटून पडली. मग गावच्या प्रत्येक पोराची एक फेरी झाली. जेवणे होईपर्यंत पुस्तकातल्या गाईपासून वाघापर्यंत सगळे पोरांना पाठ झाले होते. पाने वाढली गेली तेव्हा जंगू मात्र पंगतीत नव्हता. तो थानामागे होता. घोड्याची दोरी त्याच्या हातात होती आणि तो हळूहळू पुढे चालत, मागे वळून चाके फिरताना बघत होता.

लटारूला पाहून तो जरा ओशाळला.

"साठ सालं झाले, नाकेदार," तो म्हणाला. "किती घोडे या हातानं ठेवले. चालला नव्हता एकबी."

दुसऱ्या दिवशी वीतभर मातीचा घोडा आईबापांनी मिळून वाहिला. चैत्रात खटल्याची पुन्हा तारीख लागली आणि लटारू चांद्याला गेला. बाजारातल्या त्या दुकानदाराने त्याला लांबूनच ओळखले.

"घोडे पायजेत," लटारू म्हणाला. "आठ. अन् तेवढीच पुस्तकं."

"आठ! आता तरी सांगा जी, सन कोनता हाय?"

"काहीच नाई."

"गावात लेकरं लय दिसतात तुमच्या."

लटारूने बोटे मोजली. अन्नूला घोडा होता, तिला सोडून गावात पोरे सात होती. आठवा घोडा, लटारू निघाला तेव्हा वेशीपर्यंत सोबत येऊन, जंगूने हळूच सांगितला होता. त्याला मूलबाळ नव्हते.

"हो," लटारू म्हणाला. "लहानमोठे मिळून आठ."