ब्रेकमास्तरांची बग्गी

"घरात पेट्रोलचा वास येतोय," बायको म्हणाली.

"माझ्या शर्टाला असेल," ब्रेकमास्तर म्हणाले आणि त्यांनी वर्तमानपत्राचे पान उलटले.

"शर्ट धुतलाय."

"मग माझ्याच अंगाला येत असेल. गाड्यांतच जन्म गेला माझा."

वास शर्टालाही नव्हता आणि मास्तरांच्या अंगालाही नव्हता. तो येत होता जिन्याखालच्या फडताळातून. तिथे एका जुन्या चादरीखाली रिमोटवर चालणारी बग्गी दडवून ठेवलेली होती. रिमोटची म्हणजे गुर्र करत सोफ्याखाली जाऊन अडकणारी नव्हे. ही खरे पेट्रोल पिणारी, दोरी ओढून सुरू करायची, उचलताना कमरेत चमक भरेल एवढ्या वजनाची आणि रस्त्यावरच्या स्कूटरला सहज मागे टाकेल अशी होती.

मास्तरांची मोटार शिकवण्याची शाळा होती. शिकवायच्या गाडीत शिक्षकाच्या सीटपुढे एक जादा ब्रेक असतो, आणि मास्तरांचा पाय त्यावर असा काही पडायचा की शिकणाऱ्याचे कपाळ स्टिअरिंगला टेकायचे. त्यावरून त्यांचे नाव पडले. पण त्यांची खरी ओळख म्हणजे आवाज. चौकात उभ्या असलेल्या माणसाला मास्तरांची गाडी दिसण्याआधी ऐकू यायची. "क्लच! क्लच म्हणालो मी! तो क्लच आहे का?" शिकणाऱ्या प्रत्येकाच्या कानात त्यांनी एक नियम मात्र कायमचा बसवला होता: "गडबड झाली की आधी चावी बंद! विचार नंतर!"

एवढी वर्षे गाडीत काढून त्यातला बहुतेक काळ मास्तर शेजारच्या सीटवर बसले होते. समोर ब्रेक होता, पण स्टिअरिंग दुसऱ्याच्या हातात, तेही थरथरणाऱ्या. आपल्या एकट्याच्या हुकमात चालणारी, कोणाला काही शिकवावे न लागणारी एखादी गाडी असावी असे त्यांना फार दिवसांपासून वाटत होते. दुकानाच्या काचेत ती बग्गी दिसली आणि मास्तर विरघळले.

दुकानदार भला माणूस होता. त्याने सगळे नीट समजावून सांगितले. "थांबवताना आधी गाडीवरचं लाल बटण दाबायचं. मग रिमोट बंद करायचा. उलटं केलंत तर गाडीला शेवटचा हुकूम तेवढा लक्षात राहतो, आणि तेच करत सुटते ती."

"अहो, मी लोकांना गाडी शिकवतो," मास्तर हसून म्हणाले.

"म्हणूनच दोनदा सांगतोय," दुकानदार म्हणाला.

हे सगळे बायकोपासून लपवायचे कारण तसे साधे होते. काही वर्षांपूर्वी मास्तरांनी तिलाही गाडी शिकवायला घेतले होते. पहिल्याच दिवशी ते इतके ओरडले की फुटपाथवरची माणसे थांबून बघू लागली. तिने हँडब्रेक ओढला, दार उघडले आणि ती चालत घरी आली. "तुझ्या हाताला गाडी नाही," मास्तरांनी जाहीर केले, आणि पुढे हा किस्सा ते प्रत्येक नव्या बॅचला हसत सांगू लागले. डावे-उजवे न कळणारी बायको हा त्यांच्या शिकवण्यातला पहिला विनोद होता. अशा माणसाने खेळण्यातली गाडी घेतली हे त्या बायकोला कळले असते, तर तोंड कुठे लपवायचे हा प्रश्नच होता.

रविवारी सकाळी मास्तरांनी चादरीसकट बग्गी डिकीत चढवली.

"कुठे निघालात?" बायकोने विचारले.

"परीक्षेच्या मैदानावर. उद्या पोरांची टेस्ट आहे. जरा पट्टे बघून येतो."

"मग मी पण येते. घरात जीव गुदमरतोय त्या वासानं."

नाही म्हणायला मास्तरांना कारण सापडले नाही. मैदान गाठेपर्यंत दोघांनी काचा खालीच ठेवल्या. पोहोचल्यावर डिकी उघडण्यावाचून गत्यंतर नव्हते.

बायकोने बग्गीकडे बराच वेळ पाहिले. "हे काय?"

"खेळणं नाही ते."

"मी कुठं म्हटलं खेळणं?"

मास्तरांनी बग्गी जमिनीवर ठेवली, चोक ओढला आणि दोरीला हिसका दिला. काही झाले नाही. पुन्हा दिला. बग्गी खोकली आणि गप्प झाली. दोरी ओढून ओढून मास्तरांचा खांदा भरून आला, शर्ट पाठीला चिकटला. बायको गाडीच्या सावलीत बसून बघत होती, आणि तिचे ते काही न बोलता बघणे मास्तरांना हिसक्यांपेक्षा जड जात होते. शेवटी एकदाची बग्गी पेटली. मैदान दणाणून गेले. मास्तरांचा चेहरा लहान मुलासारखा उजळला.

पाठ करून लांब जाताना बग्गी अगदी शहाण्यासारखी गेली. अडचण आली ती परतताना. तिचे तोंड आपल्याकडे झाले की तिचे डावे ते आपले उजवे होते. मास्तरांनी रिमोटवरचे चाक डावीकडे फिरवले, ती उजवीकडे गेली. मास्तरांनी आणखी डावीकडे पिळले, ती आणखी उजवीकडे जाऊन झुडपात घुसली. रिमोटचा खटका दाबला की वेग आणि उलटा ढकलला की ब्रेक अशी सोय होती, पण मास्तरांचा उजवा पाय आपणहून उचलला जाऊन जमिनीवर धाडकन आपटत होता.

"अहो, ती आपल्याकडे तोंड करून येते तेव्हा उलटं फिरवायचं असेल," बायको म्हणाली.

"मला शिकवतेस? डावं-उजवं मला शिकवतेस?" मास्तर कडाडले, आणि बग्गीकडे वळून ओरडले, "डावीकडे! डावीकडे म्हणालो ना!"

एवढ्यात मैदानाच्या फाटकातून परीक्षक साहेब आत आले. उद्याच्या टेस्टचे पट्टे आखणारा माणूस रजेवर होता, म्हणून ते स्वतःच हातगाडीवर पांढऱ्या फक्कीचे पोते घालून आले होते. उद्या मास्तरांची सगळी बॅच याच माणसापुढे उभी राहायची होती. साहेब कमी बोलायचे, पण त्यांनी एखाद्या शाळेबद्दल नाक मुरडले की गावभर व्हायचे.

"नमस्कार मास्तर. हे काय काढलंय?"

खरे सांगायला एक वाक्य पुरले असते. पण मास्तरांच्या तोंडून निघाले, "नवी पद्धत आहे साहेब. मुलांना वळणं समजावून सांगायला."

बायकोने दुसरीकडे पाहिले.

"वा," साहेब म्हणाले. "दाखवा की मग. जुन्या पट्ट्यांमधून नेऊन आणा."

आता मागे फिरता येत नव्हते. मास्तरांनी कपाळ पुसले आणि बग्गी सोडली. जाताना ती पट्ट्यांमधून अशी सुरेख गेली की साहेबांनी मान डोलावली. त्या मान डोलावण्याने मास्तर फुशारले आणि त्यांनी वळवून वेग वाढवला. बग्गी समोरून आली. मास्तरांनी डावीकडे पिळले. बग्गी सरळ हातगाडीखाली शिरली, पोते फाटले आणि पांढऱ्या ढगात कोणाला कोणी दिसेना.

अशा वेळी काय करायचे हे मास्तर झोपेतही सांगू शकले असते. आधी चावी बंद, विचार नंतर! रिमोटचे चाक तसेच डावीकडे पिळलेले, वेगाचा खटका शेवटपर्यंत दाबलेला, अशा अवस्थेत त्यांनी रिमोटचे बटण खाडकन बंद केले.

मग त्यांना दुकानदार आठवला.

ढगातून बग्गी बाहेर आली ती पूर्ण वेगात, चाके एका बाजूला वळलेली. मास्तर आणि साहेब यांच्याभोवती तिने एक गोल घेतला. मग दुसरा. रिमोट पुन्हा सुरू करायला मास्तरांनी बटण चाचपले, तेवढ्यात ती पायाजवळून गेली, मास्तरांनी उडी मारली आणि रिमोट हातातून निसटला. पुढच्या फेरीत बग्गी त्याच्यावरून गेली. त्यानंतर तो रिमोट म्हणायच्या लायकीचा राहिला नाही.

"बंद करा की," साहेब म्हणाले. ते डोक्यापासून बुटांपर्यंत पांढरे झाले होते.

"केलीय."

"मग ही काय फिरतेय?"

"बंद केलीय म्हणूनच फिरतेय."

साहेबांनी मास्तरांचा दंड धरला. गोलातून बाहेर पडायची सोय नव्हती. पाय टाकावा तर नडगी मोडायची भीती. "पेट्रोल किती आहे?"

"फुल्ल," मास्तर खालच्या आवाजात म्हणाले. टाकी नेहमी भरलेली असावी, असेही तेच शिकवत.

बग्गी फिरत राहिली. तिचा गोल हळूहळू सरकत होता, आणि तिच्याबरोबर आतले दोघेही एकमेकांना धरून चिमुकल्या पावलांनी सरकत होते. मास्तरांचा पाय प्रत्येक फेरीला जमिनीवर आपटत होता. भुईने आत्ताच्या आत्ता पोटात घ्यावे असे त्यांना वाटत होते, पण भुईदेखील फक्की उडवण्यापलीकडे काही करत नव्हती.

"अगं, फोन कर! कोणाला तरी बोलाव!" ते ओरडले. "आणि गाडीला हात लावू नकोस!"

बायको तोवर ड्रायव्हरच्या सीटवर बसलीही होती. शिकवायची गाडी सुरू झाली.

"क्लच! अगं क्लच हळू सोड! आरसा बघ! आरसा!"

तिने काच वर केली.

गाडी रिव्हर्समध्ये निघाली. जुन्या पट्ट्यांच्या मधून, एकाही पट्ट्याला न शिवता, ती सरळ रेषेत मागे आली आणि बग्गीच्या वाटेत मागचे चाक घालून थांबली. पुढच्या फेरीला बग्गी त्या टायरवर आदळली, उलटी झाली आणि आभाळाकडे चाके करून किंचाळू लागली. बायको उतरली, वाकली आणि तिने बग्गीच्या कडेला दिसणारे लाल बटण दाबले. मैदान एकदम शांत झाले.

मास्तरांना पहिली भीती वाटली ती वेगळीच. बिनलायसन्सच्या बाईने परीक्षकासमोर शाळेची गाडी चालवली होती. त्यांनी पांढरे हात जोडले.

"साहेब, तिला काही बोलू नका. तिच्याकडे लायसन्स नाही, पण ती माझ्यासाठी धावली. चूक सगळी माझी. नवी पद्धत वगैरे काही नाही, हौस म्हणून आणली होती मी. खोटं बोललो."

साहेबांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, घातला आणि बाईंकडे निरखून पाहिले.

"लायसन्स नाही कसं? मीच पास केलंय यांना. गेल्या वर्षी, याच मैदानावर. रिव्हर्स अस्साच घेतला होता. समोरच्या शाळेच्या बॅचमधून आल्या होत्या ना तुम्ही?"

"हो," बायको म्हणाली.

समोरची शाळा म्हणजे मास्तरांच्या शाळेच्या अगदी समोर, रस्त्यापलीकडची. तिच्या पाटीकडे मास्तर गेली कित्येक वर्षे पाठ करून बसत होते. साहेबांनी एकदा मास्तरांकडे पाहिले, एकदा बाईंकडे पाहिले, आणि काहीतरी लक्षात येऊन ते घाईघाईने फक्की गोळा करायला वळले. मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. बग्गीसमोर उड्या मारताना वाटली ती लाज काहीच नव्हती, असे त्यांना आता वाटले.

परतताना ती चालवत होती. मास्तर आपल्या नेहमीच्या सीटवर, मांडीवर बग्गी घेऊन बसले होते.

"कधी शिकलीस?"

"दुपारी. तुम्ही झोपायचात तेव्हा."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तुम्ही गल्लीतून मान वर करून चालता. ते बरं दिसतं."

मास्तरांची मान बग्गीच्या चाकांत गेली. तेवढ्यात त्यांना आणखी एक गोष्ट आठवली. "आणि हिचं तुला आधीपासून माहीत होतं?"

"फडताळातली चादर माझी आहे. वास कसला येतोय असं मी विचारलं का तुम्हाला? येतोय, एवढंच म्हटलं."

चौक आला. समोरून एक सायकलवाला आडवा गेला. मास्तरांचा पाय सवयीने उचलला गेला, पण तो ब्रेकवर पडायच्या आधीच गाडी हलकेच थांबली होती. त्यांच्या कपाळाला धक्का लागला नाही, मांडीवरची बग्गीही हलली नाही. मास्तर अधांतरी राहिलेल्या आपल्या पायाकडे बघत राहिले.

"तो समोरचा," त्यांनी अगदी हळू विचारले, "असं काय शिकवतो गं वेगळं?"

तिने आरसा पाहिला, गिअर टाकला आणि गाडी पुढे काढली.

"वेगळं काही नाही," ती म्हणाली. "ओरडत नाही."

मास्तरांनी दोन्ही पाय ब्रेकपासून लांब, सीटखाली ओढून घेतले आणि घर येईपर्यंत ते तसेच बसून राहिले.