शेवटचा डबा आल्याशिवाय फाटक उघडणार नाही!

रहिवासी समितीच्या बैठकीत देवीदासराव इंगोले खाकरून उभे राहिले, तेव्हाच सगळ्यांनी ओळखलं की आता रेल्वे सुटणार. आणि ती सुटलीच!

"मेल थांबवली आहे मी, मेल! या लाल दिव्याच्या गाड्या म्हणजे काय चीज आहे? झेंडी दाखवली की बकरीवानी उभ्या राहतात का नाही, पाहाच तुम्ही!"

देवीदासराव स्टेशनमास्तर म्हणून रिटायर झाले होते. म्हणजे रेल्वेनं त्यांना रिटायर केलं होतं. ते स्वतः अजून ड्युटीवरच होते. घरात बाथरूम रिकामी झाली की 'लाइन क्लियर' अशी आरोळी उठत असे, आणि पाहुण्यांना निरोप देताना त्यांचा हात आपोआप वर जाऊन झेंडी हलवल्यासारखा हलत असे.

त्यांचा राग समजण्यासारखा होता. शंकर नगरच्या मागची ही हनुमंत कॉलनी. मधून एक रस्ता. रायपूर नुसतं रायपूर होतं तेव्हा या रस्त्याच्या ऐन मधोमध एक गाय बसून रवंथ करायची आणि रिक्षावाले तिला वळसा घालून जायचे. मग छत्तीसगड राज्य झालं, रायपूर राजधानी झाली, आणि कुणा साहेबाच्या ड्रायव्हरला शोध लागला की इथून गेलं तर मोठा चौक टळतो. झालं! सायरन, लाल दिवे, धूळ! गाय पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या पाऱ्यात, म्हणजे मोहल्ल्यात, राहायला गेली. माणसांना तशी सोय नव्हती.

देवीदासरावांची बायको कमलाबाई रस्त्याच्या या बाजूला, आणि तिची सख्खी बहीण गोदू समोरच्या बाजूला. दोघींनी हट्टानं समोरासमोर घरं घेतलेली. रोज संध्याकाळचा चहा एकीच्या ओट्यावर व्हायचा. एक दिवस लाल दिव्याची एक पांढरी गाडी कमलाबाईंना अशी घासून गेली की पिशवीतली वांगी रस्ताभर झाली आणि बाईंचं कोपर सोलून निघालं. गाडी थांबलीसुद्धा नाही. तेव्हापासून दोघी बहिणी आपापल्या ओट्यावर चहा प्यायच्या आणि तो कसा झाला ते ओरडून एकमेकींना सांगायच्या.

एका संध्याकाळी देवीदासरावांनी पाहिलं, कमलाबाई हातात भज्यांची ताटली घेऊन रस्त्याच्या कडेला उभ्या आहेत. एक पाऊल पुढे, एक मागे. शेवटी त्या तशाच परत आल्या. जन्मभर लोकांना रूळ सुखरूप ओलांडून दिले, आणि स्वतःच्या बायकोला दारासमोरचा रस्ता ओलांडता येऊ नये! देवीदासरावांना संताप आला आणि लाजही वाटली.

"तुले संक्रांतीच्या हळदीकुंकवाले गोदूकडे नाही पोचवलं, तर नावाचा इंगोले नाही!" ते गरजले.

"भजे गार झाले," कमलाबाई म्हणाल्या.

तर, बैठक. समितीचा सेक्रेटरी प्रफुल्ल मेश्राम मंत्रालयात बाबू होता. स्पीडब्रेकरच्या अर्जाचं काय झालं, असं विचारल्यावर तो चष्मा पुसत म्हणाला, "काकाजी, फाईल फिरून राहिली आहे."

"कुठं फिरून राहिली? आधी भोपाळले जायची, तेव्हा समजत होतं. आता तर दोन गल्ल्या पलीकडे जाते!"

"हव ना. पण रस्त्यावर व्हीआयपी चालतात म्हणून स्पीडब्रेकर देता येत नाही म्हणतात."

"व्हीआयपी चालतात म्हणूनच तर पाहिजे बे!"

समितीकडे नुसता अर्ज होता. देवीदासरावांकडे मात्र फाटक होतं.

दोन दिवसांत त्यांनी ते उभं केलं. दोन्ही बाजूंना एकेक लांब बांबू, त्यांवर लाल-पांढरे पट्टे, बुडाशी वजनाला दगड. सोबत खरी रेल्वेची लाल झेंडी, हिरवी झेंडी आणि शिट्टी. समितीला त्यांनी नियम समजावून सांगितला. रस्ता ओलांडणाऱ्या बाया म्हणजे गाडी. गाडी आली की फाटक बंद. आणि शेवटच्या डब्यामागची पिवळी पाटी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय फाटक उघडायचं नाही! का? तर मधेच एखादा डबा सुटून मागे राहिला असेल तर अपघात होतो! स्टेशनमास्तर जेवण विसरेल, पाटी पाहायला विसरणार नाही.

"मंग शेवटचा डबा कोण?" गोदूनं विचारलं.

सगळ्यांनी कमलाबाईंकडे पाहिलं.

"मी पाठीवर पाटी बांधणार नाही!" कमलाबाई कडाडल्या. "पैठणी आहे ती!" शेवटी पाटी हातात धरायची, असं ठरलं.

संक्रांतीच्या दुपारी कॉलनीतल्या बाया कमलाबाईंच्या घरी जमल्या. देवीदासरावांनी शिट्टी मारली, दोन्ही फाटकं पडली, लाल झेंडी फडकली. गाडी निघाली! जरीचे काठ, गजरे, बांगड्यांचा खणखणाट. बाया गोदूच्या अंगणात शिरल्या. देवीदासरावांनी मान उंचावली.

पाटी नव्हती!

शेवटचा डबा, म्हणजे कमलाबाई, वाणाची पिशवी विसरल्या म्हणून अर्ध्या रस्त्यातून परत घरात गेल्या होत्या. घरात फोन वाजत होता. फोन नागपूरच्या वहिनीचा होता. आता नागपूरच्या वहिनीचा फोन म्हणजे काय ते ज्याला वहिनी आहे तो जाणतो!

इकडे फाटकाशी एक रिक्षा थांबली. मग स्कूटर. मग अभनपूरहून धानाची पोती घेऊन आलेला ट्रॅक्टर. आणि मग, सायरन वाजवत, लाल दिव्याची पांढरी गाडी!

"ए! बांस हटाओ!" ड्रायव्हर ओरडला.

"नहीं हटेगा! पीछे का डिब्बा नहीं आया!" देवीदासराव झेंडी ताठ धरून म्हणाले.

"कौन सा डिब्बा? यहाँ पटरी कहाँ है?"

"पटरी का सवाल नहीं, नियम का सवाल है!"

प्रफुल्ल धावत आला. गाडीत पाहिलं आणि त्याचा चेहरा दह्यासारखा झाला. "काकाजी! आमच्याच विभागाचे मंत्री आहेत! उघडा ना! माह्यी नोकरी जाईन!"

"तुह्यी नोकरी जाईन, माह्यी बायको जाईन! पाटी दिसल्याशिवाय रेल्वेमंत्री आले तरी उघडणार नाही!"

इथे गोष्ट हाताबाहेर गेली. मागे गाड्यांची रांग लागली आणि रांगेतल्या शेवटच्यानं पुढच्याला विचारलं, काय आहे? पुढचा म्हणाला, मंत्र्याची गाडी थांबवली आहे. म्हणजे मंत्र्यापेक्षा मोठं कुणीतरी येत असणार! नव्या राजधानीत कोण किती मोठं, हे अजून कुणालाच पाठ नव्हतं. मोटारसायकलवरून ठाणेदार आला. पट्टे रंगवलेलं फाटक, झेंडी, शिट्टी, आणि थांबलेला लाल दिवा पाहून त्यानं देवीदासरावांनाच सलाम ठोकला!

"सर, हमें खबर ही नहीं थी! दिल्ली से हैं?"

"नागपूर का फोन चल रहा है," देवीदासराव रागानं म्हणाले. खिडकीतून त्यांना बायकोचा आवाज येत होता.

नागपूर! दिल्लीलाही जिथून सूचना जातात ते नागपूर! ठाणेदारानं गर्दी मागे सारली. शिपायांनी साखळी केली. मंत्री गाडीतून उतरले, कुर्ता झटकला, कुठल्याशा उद्घाटनात मिळालेला झेंडूचा हार मागच्या सीटवरून उचलला आणि रस्त्याच्या कडेला नम्र चेहरा करून उभे राहिले. प्रफुल्लनं डोळे मिटून घेतले.

आणि दार उघडलं. पैठणी, नथ, एका हातात वाणाची पिशवी, दुसऱ्या हातात पिवळी पाटी. कमलाबाई बाहेर आल्या!

मंत्र्यांनी पुढे होऊन त्यांना हार घातला. टाळ्या वाजल्या. ट्रॅक्टरवाल्यानं जयजयकार केला, कुणाचा ते त्यालाही ठाऊक नव्हतं. कमलाबाईंनी हाराकडे पाहिलं, मंत्र्यांकडे पाहिलं, आणि मग त्यांची नजर ड्रायव्हरवर गेली.

"हाच तो! हाच मुडदा! माह्ये वांगे सांडवणारा!" पाटी उगारून त्या ड्रायव्हरकडे निघाल्या. "काहून रे, डोळे गहाण ठेवले का? ये देखो मेरी कोहनी! अजून दुखते! इथं माणसं राहतात, माणसं! तुझी माय रस्त्यात असती तर असंच उडवलं असतं का तिले?"

ड्रायव्हर मंत्र्यांमागे लपला.

"माताजी, गलती हो गई," मंत्री हात जोडून म्हणाले. एवढ्या मोठ्या बाई कोण, हे विचारायची त्यांची छाती झाली नाही.

"गलती झाली तर स्पीडब्रेकर बनवा! हे घ्या तिळगूळ!" मंत्र्यांच्या हातावर तिळगूळ ठेवून कमलाबाई डावीउजवीकडे न पाहता गोदूच्या अंगणात गेल्या. देवीदासरावांनी पाटी नीट पाहिली, हिरवी झेंडी दाखवली आणि फाटक उघडलं. शिट्टी मात्र या वेळी जरा फाटकीच वाजली.

आठवड्याच्या आत रस्त्यावर दोन स्पीडब्रेकर झाले, चांगले हत्तीच्या पाठीएवढे! फाईल मात्र, प्रफुल्ल सांगतो, अजून फिरून राहिली आहे. लाल दिव्याच्या गाड्या आता दिवस भरल्यासारख्या हळू चालतात. गायसुद्धा परत आली.

फाटक काढायला देवीदासराव काही तयार होईनात. "स्पीडब्रेकरचा काय भरोसा? माणूस पाहिजे!" असं म्हणून ते स्पीडब्रेकर झाले त्या संध्याकाळीही झेंड्या घेऊन उभे राहिले. समोरून गोदूची हाक आली. कमलाबाई भज्यांची ताटली घेऊन निघाल्या.

"थांब! एक सायकल येऊन राहिली आहे!" देवीदासरावांनी लाल झेंडी आडवी धरली. सबंध नोकरीत ही झेंडी ना मेलनं ओलांडली होती, ना संक्रांतीला मंत्र्यानं.

"भजे गार होऊन राहिले," असं म्हणत कमलाबाईंनी झेंडी पडद्यासारखी बाजूला सारली आणि रमतगमत, कुणाकडे न पाहता, रस्ता ओलांडून गेल्यासुद्धा!

देवीदासरावांनी इकडेतिकडे पाहिलं. कुणाचं लक्ष नव्हतं. मग त्यांनी लाल झेंडी गुंडाळली आणि बायकोच्या पाठीमागे हळूच हिरवी दाखवली, निदान परवानगीनं गेली असं तरी दिसावं म्हणून.